थ्रीडी पडद्यावरची डबल प्रतिमा: गळती कुठे होते ते शोधण्याची आणि ती आवरण्याची पद्धत

मेहकर आणि लोणार तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी दोन प्रोजेक्टर, एक पडदा आणि साठ चष्मे घेऊन थ्रीडी चित्रे दाखवतो. पहिल्याच खेळात लोणार सरोवराच्या काठाचे चित्र लावले होते. गर्द झाडीच्या सावलीपुढे एक पांढरा बगळा उभा होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी चष्मा वरखाली करत म्हणाली, "सर, बगळ्याच्या बाजूले अजून एक बगळा दिसून राह्यला." तिचे निरीक्षण अचूक होते. खऱ्या बगळ्यापासून तीन बोटांवर त्याचीच फिकट नक्कल उभी होती. चष्मे हलक्या प्रतीचे असावेत असे समजून मी नागपूरहून नवे मागवले. पैसे गेले आणि बगळे दोनचे दोनच राहिले. दोष तेव्हा पडदा म्हणून वापरलेल्या पांढऱ्या भिंतीत होता, आणि तो शोधायला दहा मिनिटे पुरली असती. पण शोधायचे कसे हेच मला तेव्हा माहीत नव्हते. ज्यांच्याकडे असा संच आहे किंवा शाळेला देणगीत जुना थ्रीडी टीव्ही मिळाला आहे, त्यांच्यासाठी ती पद्धत येथे क्रमाने लिहीत आहे.

आपल्या दोन डोळ्यांत सुमारे 63 मिलिमीटरचे अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळे दिसते आणि त्या फरकातून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये दोन आरसे आणि दोन रेखाचित्रे वापरून हे दाखवून दिले. त्यांच्या उपकरणात प्रत्येक डोळ्यापुढे स्वतंत्र चित्र होते, म्हणून एकाचे दुसऱ्यात मिसळण्याचा प्रश्नच नव्हता. आपण मात्र दोन्ही चित्रे एकाच पडद्यावर टाकतो आणि ती वेगळी करण्याचे काम चष्म्यावर सोपवतो. हे वेगळे करणे कधीच शंभर टक्के होत नाही. उजव्या डोळ्यासाठीच्या प्रकाशाचा जो अंश डाव्या डोळ्यात शिरतो, त्याला मी या लेखात गळती म्हणतो, आणि त्या गळतीमुळे दिसणाऱ्या फिकट नकलेला छायाप्रतिमा. ऑपरेटर मंडळी तिला घोस्टिंग किंवा डबल इमेज म्हणतात. गळती ही यंत्रणेची गोष्ट आहे, तर छायाप्रतिमा किती दिसेल हे चित्रावरही अवलंबून असते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण उपायही त्यानुसार दोन ठिकाणी करायचे असतात.

आधी दोष ओळखावा

"डबल दिसते" या एकाच तक्रारीमागे निदान तीन वेगळे दोष असतात. चष्मा घालून एक डोळा हाताने पूर्ण झाकावा आणि दुसऱ्याने पाहावे. एकाच डोळ्याला दोन प्रतिमा दिसत असतील, एक ठळक आणि एक फिकट, तर ती गळती आहे. प्रत्येक डोळ्याला वेगवेगळे पाहताना चित्र स्वच्छ दिसते, पण दोन्ही डोळे उघडताच ते दुभंगते, असे असेल तर गळती नाही. तेव्हा दोन्ही चित्रांत आडवे अंतर फार जास्त आहे, किंवा एक प्रोजेक्टर दुसऱ्यापेक्षा थोडा वर लागलेला आहे. उभा फरक डोळ्यांना अजिबात सोसत नाही, म्हणून प्रोजेक्टरचे पाय फिरवून तो आधी काढावा. तिसरा दोष डावे-उजवे उलटे लागण्याचा. यात छायाप्रतिमा नसते, पण जवळची वस्तू खोल आणि दूरची पुढे आल्यासारखी वाटते, आणि पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही. चष्मा उलटा धरून पाहिल्यावर चित्र एकदम सुधारले, तर दोन्ही प्रोजेक्टरच्या केबलींची आपसांत अदलाबदल करावी. गळतीचे निदान पक्के झाल्याखेरीज पुढचा खर्च करू नये.

चौकोनांची पाटी

गळती डोळ्यांनी मोजता येते, त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. जिंपसारख्या मोफत प्रोग्राममध्ये दोन चित्रे तयार करावीत. डाव्या डोळ्याच्या चित्राचा वरचा अर्धा भाग पूर्ण काळा ठेवावा, आणि खालच्या काळ्या भागात मध्यरेषेला टेकून पाच करडे चौकोन काढावेत. त्यांच्या छटा 0 ते 255 च्या मोजपट्टीवर अनुक्रमे 31, 43, 59, 81 आणि 111 ठेवाव्यात. उजव्या डोळ्याच्या चित्राचा वरचा अर्धा भाग पांढरा आणि खालचा अर्धा काळा ठेवावा. ही जोडी पडद्यावर लावून, चष्मा घालून, उजवा डोळा झाकून पाहावे. वरचा भाग डाव्या चित्रात काळा असल्यामुळे तिथे जो उजेड दिसेल तो सगळा उजव्या चित्रातून गळलेला आहे. तो खालच्या ज्या चौकोनाशी जुळेल, ती गळती. 31 शी जुळला तर सुमारे 1 टक्का, 43 शी 2 टक्के, 59 शी 4, 81 शी 8 आणि 111 शी 16 टक्के.

हे आकडे विचित्र वाटतील, कारण 59 हा 255 च्या जवळपास चौथा हिस्सा आहे. परंतु पडद्यावरचा प्रत्यक्ष प्रकाश या आकड्यांच्या सरळ प्रमाणात नसतो, तो साधारण 2.2 व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. 59 ला 255 ने भागून 2.2 वा घात घेतला की उत्तर 0.04 च्या आसपास येते. म्हणूनच पाटी लावण्याआधी प्रोजेक्टरवरचे "डायनॅमिक" किंवा "ब्राइट" मोड बंद करून सिनेमा किंवा स्टँडर्ड मोड ठेवावा, नाहीतर चौकोन खोटे बोलतात. डावी-उजवी चित्रे अदलाबदल करून दुसऱ्या डोळ्याचीही तपासणी करावी, कारण दोन्हींची गळती सारखी असेलच असे नाही. शिवाय वर्गाच्या मध्यावरून पाहून थांबू नये. मुले जिथे बसणार आहेत त्या कोपऱ्यांत प्रत्यक्ष खाली बसून पाहावे.

काळ्यावर पांढरे असे चित्र असेल तर दोन-चार टक्के गळतीही नजरेत भरते. सोळा टक्क्यांना मुले डोळे चोळू लागतात.

पडदा आणि फिल्टर: दोष कोणात?

दोन प्रोजेक्टरच्या संचात प्रत्येक भिंगापुढे एक पोलरायझर फिल्टर असतो. तो प्रकाशलहरींना एक ठराविक दिशा देतो आणि चष्म्याची काच तीच दिशा आत सोडते. या वाटेवर तीन जागी गळती होऊ शकते: फिल्टर, पडदा आणि चष्मा. एक जास्तीचा फिल्टर हाताशी असला की या तिघांना वेगळे करता येते. एकच प्रोजेक्टर चालू ठेवून पांढरे चित्र टाकावे. त्याच्या भिंगासमोरच्या फिल्टरपुढे हातातला दुसरा फिल्टर धरून हळूहळू फिरवावा आणि पडद्यावरचा उजेड कमीत कमी कधी होतो ते पाहावे. भिंगात डोळा घालून पाहू नये, उजेड पडद्यावरच पाहावा. या वेळी जो अंधूक उजेड उरतो, तो फिल्टरचा स्वतःचा दोष. नंतर हातातला फिल्टर भिंगापासून काढून आपल्या डोळ्यापुढे धरावा आणि पुन्हा फिरवून पडदा जास्तीत जास्त काळा करावा. आता जो उजेड वाढला, तो पडद्याने केलेला बिघाड. शेवटी डोळ्यापुढच्या फिल्टरच्या जागी चष्मा धरावा. उजेड आणखी वाढला तर मगच चष्म्याला दोष द्यावा.

माझ्या बाबतीत पहिल्या पायरीला पडद्यावर जवळजवळ अंधार झाला आणि दुसऱ्या पायरीला भिंत जशीच्या तशी उजळून निघाली. चुन्याची किंवा डिस्टेंपरची भिंत, पांढरी चादर आणि साधा मॅट पडदा, हे सगळे प्रकाशाला आत घेऊन अनेकदा उसळवून बाहेर टाकतात, आणि त्यात लहरींची दिशा पार विस्कटते. धातूचा पृष्ठभाग ती दिशा टिकवतो, म्हणून थ्रीडी चित्रपटगृहांत चंदेरी पडदे वापरतात. तसा तयार पडदा परवडत नसेल, तर लोखंडी फाटकाला मारतात तो अ‍ॅल्युमिनियम पेंट गुळगुळीत प्लायवर स्प्रे-गनने मारून घ्यावा. ब्रशने मारू नये, कारण ब्रशचा प्रत्येक फराटा चित्रात चमकतो. रंगात पांढरा रंग मिसळण्याचा मोह टाळावा, तो मिसळला की भिंतीचाच दोष पुन्हा येतो. असा पडदा समोर बसणाऱ्याला उजळ आणि कडेला बसणाऱ्याला अंधूक दिसतो, आणि कडेला गळतीही वाढते, त्यामुळे मुलांना रुंद अर्धवर्तुळात न बसवता खोलवर रांगांत बसवावे.

फिल्टरचा कोनही पाहावा. सरळ पोलरायझरच्या संचात फिल्टर 45 आणि 135 अंशांवर असतात, आणि कोन चुकला की त्या चुकीच्या साइनच्या वर्गाइतकी गळती होते. 5 अंशांच्या चुकीला पाऊण टक्का, 10 अंशांना 3 टक्के, 20 अंशांना जवळपास 12 टक्के. प्रवासात फिल्टर सरकतात, म्हणून एकदा योग्य कोन सापडला की चौकटीवर मार्करने रेघ मारून ठेवावी. हेच गणित मुलांच्या मानेलाही लागू आहे: शेजाऱ्याच्या खांद्यावर डोके टेकवून पाहणाऱ्या मुलाला बगळे दोनच दिसणार. लहरीची दिशा एका जागी न ठेवता गोल फिरती ठेवणारे वर्तुळाकार पोलरायझर वापरले तर मान कलल्याने गळती वाढत नाही. मात्र त्यांना दोन बाजू असतात. फिल्टर उलटा बसला तर वेगळे करण्याचे काम होतच नाही.

चष्मे आणि फिल्टर एकाच जातीचे हवेत. थ्रीडी चित्रपटगृहातले चष्मे बहुधा वर्तुळाकार जातीचे असतात, आणि ते सरळ फिल्टरांबरोबर वापरले तर दोन्ही डोळ्यांत दोन्ही चित्रे सारखीच शिरतात. जात ओळखण्यासाठी चष्मा घालून आरशासमोर उभे राहावे आणि एक डोळा मिटावा. उघड्या डोळ्याची काच आरशात काळी दिसली तर चष्मा वर्तुळाकार जातीचा, आणि मिटलेल्या डोळ्याची काच काळी दिसली तर सरळ जातीचा. एवढ्या साध्या कसोटीने माझ्या पेटीत मिसळलेले अकरा चष्मे निवडून निघाले.

विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. पोलरायझर अर्ध्याहून अधिक प्रकाश स्वतःत शोषतो आणि तापतो. एप्रिल-मे महिन्यांत खोलीच चाळिशी पार करते, तेव्हा भिंगाला चिकटवून ठेवलेला फिल्टर मध्यभागी वाकतो, पिवळसर पडतो, आणि तिथून गळती सुरू होते. तो भिंगापासून दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे, झोत रुंद झालेल्या जागी ठेवावा, आणि शेजारी एक छोटा पंखा लावावा. मी आता खेळ हिवाळ्यातच ठेवतो: कापसाची वेचणी आटोपत येते, साडेसहाला अंधार पडतो आणि खिडक्यांना ताडपत्री बांधावी लागत नाही. दिवसा शिरणारा उजेड ही गळती नव्हे, तो चित्राचा काळा रंगच धुऊन टाकतो.

भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही

मोठ्या कंपन्यांनी 2017 पर्यंत थ्रीडी टीव्ही बनवणे थांबवले, पण जुने संच शहरांतून फिरत फिरत आपल्या शाळांत पोहोचतात. त्यांतले जे साध्या हलक्या चष्म्यांवर चालतात, त्यांच्या पडद्यावर एक पातळ पट्ट्यांची फिल्म असते. पिक्सेलची एक ओळ डाव्या डोळ्यासाठी, पुढची उजव्यासाठी, अशी रचना असते. फिल्म आणि पिक्सेल यांच्यामध्ये काचेची थोडी जाडी असल्यामुळे, वरून किंवा खालून तिरके पाहिले की एका ओळीचा प्रकाश शेजारच्या ओळीच्या पट्टीतून बाहेर पडतो. चोरीच्या भीतीने शाळा टीव्ही छताजवळ टांगतात आणि मुले खाली सतरंजीवर बसतात. पुढच्या दोन रांगांना छायाप्रतिमा, मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शिक्षकांना चित्र स्वच्छ, आणि मग मुलांचे म्हणणे कोणी खरे धरत नाही. शिक्षकांनी एकदा पहिल्या रांगेत मांडी घालून बसावे. टीव्ही खाली आणणे उत्तम. ते जमत नसेल तर वरची बाजू पुढे ओढून पडदा मुलांच्या दिशेने झुकवावा आणि पहिली रांग मागे सरकवावी.

बॅटरीच्या चष्म्यांचा प्रकार वेगळा. त्यांच्या काचा डावा-उजवा डोळा आळीपाळीने बंद करतात, आणि पडद्यावरचे आधीचे चित्र पुरते विझण्याआधी दुसऱ्या डोळ्याची काच उघडली की गळती होते. सेल उतरला असेल तर आधी तो बदलावा. एलसीडी टीव्हीत चित्र वरून खाली रंगत येते, म्हणून गळती वरच्या किंवा खालच्या काठाला जास्त आणि मध्यभागी कमी दिसते. प्लाझ्मा टीव्हीत हिरवा रंग उशिरा विझतो, त्यामुळे छायाप्रतिमा हिरवट असते. हे दोष संचाच्या घडणीतले आहेत. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट उतरवून ते सौम्य होतात, जात नाहीत.

लाल-निळे चष्मे

लोणारचे विवर बेसाल्ट खडकात झालेले आहे, त्यामुळे शास्त्रज्ञ त्याची तुलना मंगळावरच्या विवरांशी करतात, आणि नासाने मंगळाची लाल-निळ्या चष्म्याची पुष्कळ चित्रे मोफत उपलब्ध केली आहेत. आपल्या मुलांना ती दाखवण्यासारखी आहेत. त्यांत एका डोळ्याचे चित्र लाल आणि दुसऱ्याचे निळसर-हिरव्या रंगात असते, आणि चष्म्याच्या रंगीत काचा ती वेगळी करतात. तपासणी सोपी आहे: शुद्ध लाल चौकोन निळ्या काचेतून आणि शुद्ध निळसर-हिरवा चौकोन लाल काचेतून पाहावा, दोन्ही काळे दिसले पाहिजेत. स्क्रीनवर थोडी गळती राहतेच. छपाईत ती वाढते, कारण निळसर शाई लाल प्रकाश पुरता गिळत नाही, आणि फ्लेक्सवर तर निकाल निराशाजनकच येतो.

मात्र बहुतेक बिघाड फाइल पाठवताना होतो. जेपीईजी प्रकारात रंगाची माहिती बारीकसारीक न साठवता सहसा दोन-दोन पिक्सेलच्या गटाला एकदाच साठवली जाते, त्यामुळे लाल कडा निळ्यात पसरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राची तर ते पुन्हा दाबून वाटच लावते. पीएनजीमध्ये साठवावे आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. स्टिरिओफोटो मेकर या मोफत प्रोग्राममध्ये ड्युबॉइस पद्धतीचा पर्याय आहे. तो काचांचे आणि स्क्रीनचे रंगगुण धरून रंग ठरवतो, आणि साध्या पद्धतीपेक्षा छायाप्रतिमा ठळकपणे कमी करतो.

उरलेली गळती चित्रातून झाकावी

वरचे सगळे करूनही एक-दोन टक्के उरतात. त्यांचा बंदोबस्त चित्र निवडताना आणि जुळवताना करावा. गडद झाडापुढचा पांढरा बगळा हे सगळ्यांत अवघड चित्र आहे, कारण गळलेला उजेड काळ्यावर पडतो आणि उठून दिसतो. त्याउलट पांढऱ्या आभाळापुढची काळी बाभूळ तितकी त्रास देत नाही. आभाळाच्या उजेडात चार टक्के कमी-जास्त झालेले डोळ्याला कळत नाही, फक्त खोडाची एक कड करडी पडते.

पडद्याच्या पातळीवर असलेल्या वस्तूची डावी आणि उजवी प्रतिमा एकमेकींवर बसतात, म्हणून तिची छायाप्रतिमा कितीही गळती असली तरी दिसत नाही. बगळ्याच्या चित्रात मी हेच केले. दोन्ही चित्रे आडवी सरकवून बगळा बरोबर पडद्यावर आणला, झाडी मागे गेली, आणि झाडीत ठळक कडा नसल्यामुळे तिची नक्कल कोणाच्या लक्षात आली नाही. सरकवताना मागच्या वस्तूंचे अंतर मोजावे. दोन मीटर रुंद पडद्यावर 1920 पिक्सेल असतील तर एक पिक्सेल सुमारे एक मिलिमीटरचा होतो. मुलांच्या डोळ्यांतले अंतर मोठ्यांपेक्षा कमी असते, म्हणून दूरच्या वस्तूंची दोन रूपे 48 पिक्सेल, म्हणजे पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त दूर जाऊ देऊ नयेत. अंतर जितके थोडे, तितकी छायाप्रतिमा कडेशीच मिसळून जाते.

अगदीच आवश्यक असेल तर गळती आधीच वजा करता येते. पाटीवरून गळती 4 टक्के आली असेल, तर उजव्या चित्राचा प्रकाश 4 टक्क्यांवर आणून तो डाव्या चित्रातून वजा करावा, आणि तसेच उलट करावे. हे जिंपमध्ये प्रिसिजन "लिनियर लाइट" ठेवूनच करावे, नाहीतर वजाबाकी चुकीच्या आकड्यांची होते. अडचण अशी की काळ्यातून काही वजा करता येत नाही. म्हणून आधी संपूर्ण चित्राचा काळा रंग थोडा उचलावा लागतो आणि चित्र फिके पडते. मी पूर्ण 4 टक्क्यांऐवजी निम्मीच वजाबाकी करतो. बगळ्याची नक्कल तेवढ्याने मागच्या रांगेला दिसेनाशी होते आणि झाडीची खोली टिकते.

साठ मुलांत एक-दोघांना सगळे उपाय करूनही डबल दिसते किंवा काहीच खोली दिसत नाही. तिरळेपणा किंवा एका डोळ्याची नजर कमी असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अशा मुलाला पुन्हा पुन्हा "नीट बघ" म्हणू नये. मी दोन जुन्या चष्म्यांच्या काचा बदलून एक असा चष्मा केला आहे की त्याच्या दोन्ही बाजूंना डाव्या डोळ्याचीच काच आहे. तो घातला की चित्र सपाट पण स्वच्छ दिसते आणि ते मूल इतरांबरोबर बसून खेळ पाहू शकते. त्याच्या दांडीला निळा दोरा बांधलेला आहे. खेळ संपल्यावर मी वर्गशिक्षकांना त्या मुलाचे नाव बाजूला घेऊन सांगतो, म्हणजे पालकांकरवी त्याचे डोळे सरकारी दवाखान्यात तपासून घेता येतात.